भरून ठेवलेलं पाणी

तिसरं पिंप काठोकाठ भरून पाणी मोरीच्या लादीवर सांडायला लागलं, तेव्हा कुठे यशोधराच्या डोक्यात उजेड पडला, की आपण आज जाणार आहोत. आज दुपारी, कल्याणहून गाडी आहे. आणि आपण नळ फुसफुसल्याबरोबर पहाटे धडपडत उठून, केसांचा बुचडा बांधून, तिन्ही पिंपं, हंडे, कळश्या, बादल्या आणि वर पाणी येतच राहिलं म्हणून कुकरसुद्धा भरून ठेवलाय. "कुणासाठी गं बाई?" ती मोठ्यानंच म्हणाली आणि तिला फस्सकन हसू आलं. गाऊनची बाही सवयीनं तोंडाशी गेली. या घरात हसू आलं की बाही तोंडाशी न्यायची, हे तिच्या हातालाच पाठ झालं होतं. मग तिला वाटलं, आता कसली बाही! पाइप हातात धरून, पायावर पाणी सांडत, ती एकटीच पोट धरधरून हसली. बारा वर्षं पाणी भरणारी बाई जाता जाताही पाणीच भरून जाणार, दुसरं काय करणार?

उन्हाळा लागला की अंबरनाथ पूर्वेला पाणी एक दिवसाआड. तेही तासभर, तेही दुसऱ्या मजल्यावर खालच्या वेणूची मेहेरबानी असेल तर. वेणूनं मोटर लावली की वर नळातून नुसती हवा. मग यशोधरा गॅलरीतून ओरडायची, "वेणूताई, जय भीम! मोटर!" आणि खालून आवाज यायचा, "जय भीम गं, दोन मिनिटं!" ती दोन मिनिटं कधी दोन मिनिटांची नसायची. लग्न झाल्या वर्षी नरेंद्रनं तिला मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसवून बारवी धरण दाखवायला नेलं होतं. केवढं पाणी! डोंगराच्या पायाशी नुसतं पसरलेलं, ऊन खात बसलेलं. ती म्हणाली होती, "एवढं आहे तर देत का नाहीत मेले?" नरेंद्र खदखदून हसला होता. तेव्हा तो तिच्या बोलण्याला हसायचा. परतताना वाटेत एका पाड्यावरच्या म्हातारीकडून त्यानं तिला करवंदं घेऊन दिली होती, पानाच्या द्रोणात. तिच्या बोटांना लागलेला डाग दोन दिवस गेला नव्हता. त्या दिवसाचं तिला आजही वाईट वाटत नाही. तो दिवस चांगला होता, तो चांगलाच राहू दे. पण पुढे तिला कळलं, की हा माणूसही त्या धरणासारखाच आहे. आत भरपूर आहे, गावाला पुरतं, घरच्या नळाला येत नाही.

नरेंद्र वाईट माणूस आहे असं सगळ्या कॉलनीत एक जण म्हणणार नाही. एमआयडीसीत सुपरवायझर. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या पोराला दाखला हवा, कुणाच्या घरी मयत झालं, की नरेंद्रभाऊ हजर. विहारात भाषण करायला उभा राहिला की बायका पोळ्या टाकून ऐकायला यायच्या. आणि घरात पाऊल ठेवलं की अबोला. कधी आठवडा, कधी महिना. एकदा तिनं नणंदेला स्वतःचा पगार सांगितला म्हणून, एकदा त्याच्या मित्रापुढे "नाही हो, ते तसं नव्हतं" म्हणाली म्हणून. शेवटचा अबोला गेल्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेपासूनचा. विहारात नरेंद्र बोलायला उभा राहिला आणि माईक कुंई करून ओरडला. त्यानं टिचकी मारली, फुंकर मारली, "हॅलो, हॅलो" म्हणाला, आणि तो माईक स्टँडवर हळूहळू मान टाकून पेंगल्यासारखा खाली वाकला. सगळा हॉल हसला. यशोधराही हसली, पुढच्या रांगेत, मितूला मांडीवर घेऊन. शंभर माणसं हसली होती, पण नरेंद्रला तिचेच दात दिसले. त्या दिवसापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही, आणि आता दुसरी बुद्धपौर्णिमाही होऊन गेली.

बोलायचं अडलंच तर मुलं होती. "सम्यक, तुझ्या आईला सांग, शर्टाचं बटण तुटलंय." "मितू, तुझ्या आईला सांग, मी जेवून आलोय." बैठकीच्या खोलीपासून ओट्यापर्यंत अंतर ते काय! हाक कशाला, पुटपुटलं तरी ऐकू येतं. पण नाही, पोरानं तिथून उठायचं, इथवर यायचं, सांगायचं, उत्तर घेऊन परत जायचं. सासूबाई, म्हणजे द्रौपदीबाई, डोक्याला हात लावायच्या. "बापावर गेलाय मेला," म्हणायच्या. "भीमराव असेच. देवमाणूस म्हणायचे सगळे. माझ्याशी सहा-सहा महिने बोलायचे नाहीत. मग मी हंड्याला सांगायचे काय ते. हंडा निदान घुमायचा तरी."

यशोधरानं ते बारा वर्षं ओढलं. का ओढलं, ते तिला या जानेवारीत कळलं. त्या दिवशी कुकरची शिट्टी झाली नव्हती, टीव्ही बंद होता, म्हणून बाहेरचं स्वच्छ ऐकू आलं. नरेंद्र म्हणाला, "तुझ्या आईला सांग, दोन पैसे कमावते म्हणून माज करू नको म्हणावं." सम्यक उठला. दाराच्या चौकटीत येऊन थांबला, खालचा ओठ चावत जरा विचार केला, आणि आत येऊन म्हणाला, "आई, पप्पा म्हणतात, तू दमत असशील." अकरा वर्षांचं पोर! चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. यशोधरा म्हणाली, "बरं, सांग त्यांना, नाही दमले." आणि मग तिला उमगलं. म्हणजे ते "पप्पा म्हणतात भाजी छान झालीय", ते "पप्पा म्हणतात थंडी आहे, स्वेटर घाल", ते आजारपणातलं "पप्पा विचारतात बरं वाटतंय का", हे सगळं कुणाचं होतं? ज्या गोड शब्दांवर ती तग धरून होती, म्हणायची की मनातून तसा प्रेमळ आहे हो, ते शब्द हे पोर दाराच्या चौकटीत उभं राहून रचत होतं. आणि तिचे तिकडे कोणते पोचत होते, देव जाणे. रात्री सम्यकच्या पोटात दुखायचं, डॉक्टर म्हणायचे काही नाही, जंत असतील. जंत कसले! दोन माणसांचा संसार एकटा गिळत होतं ते पोर. त्या दिवशी तिनं त्याला जवळ घेतलं नाही, रडलीही नाही. फक्त ठरवलं, की बस झालं.

मग जे होत गेलं ते असं भराभर, की जणू कुणी मोटर लावली होती. ऑर्डनन्स फॅक्टरीत ती क्लार्क. तिथंच कळलं, की इटारसीच्या फॅक्टरीतला कुणी वाधवानी नावाचा माणूस म्युच्युअल बदली शोधतोय, त्याचे आईवडील उल्हासनगरात एकटे आहेत. तिनं फोन लावला. पलीकडून वाधवानी आनंदानं ओरडलाच, "मॅडम, आप सच में आओगे? क्वार्टर एकदम हवादार है. और पानी? पानी चौबीस घंटे! इधर नल चालू नहीं करना पडता, बंद करना पडता है!" फोन ठेवल्यावर ती फॅक्टरीच्या आवारात गुलमोहराखाली पाच मिनिटं नुसती उभी होती. बंद करावा लागणारा नळ. तिला ते खरंच वाटेना. उल्हासनगरच्या कोर्टात वकिली करणारी भावनाताई तिच्या माहेरच्या गल्लीतली. ती म्हणाली, "आता कायदा बदललाय. बाई जिथं राहते, तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज करता येतो. इटारसीला जा, शाळा लाव, बूड टेकव, मग अर्ज टाक. पण एक कर यशो, चोरासारखी जाऊ नकोस. तुझा माहेरचा भाऊ म्हणत असेल गुपचूप नीघ. तशी निघालीस तर उद्या नरेंद्र कोर्टात म्हणेल, माझी पोरं पळवली. तोंडावर सांग, आणि सासूला समोर बसव." "आणि तो नाही म्हणाला तर?" "पोरांना नेऊ देत नाही म्हणाला, तर मात्र बस इथंच. मग इथंच लढू, आणि वर्षानुवर्षं लढू."

म्हणून गेल्या रविवारी, सासूबाई पोहे खात असताना, मुलं खाली खेळायला गेलेली असताना, ती नरेंद्रच्या खुर्चीसमोर उभी राहिली. आवाज चांगला निघाला. "अहो, माझी बदली झालीय इटारसीला. मी मुलांना घेऊन जातेय. तिथं गेल्यावर मी घटस्फोटाचा अर्ज करणार आहे. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर मला म्हणा. मुलांकरवी नाही." नरेंद्रनं पेपरचं पान उलटलं. द्रौपदीबाई बशी खाली ठेवून म्हणाल्या, "ऐकलंस ना रे?" नरेंद्रनं इकडेतिकडे बघितलं. सांगायला पोरगं नव्हतं. तेवढ्यात मितू पाणी प्यायला वर आली, तर तिला म्हणाला, "आजीला सांग, मला ऐकू येतं." एवढंच. हो नाही, ना नाही. त्यानंतर आठवडाभर तो कामावर गेला, आला, जेवला, झोपला. ट्रंका भरल्या जात होत्या, त्यांना वळसा घालून गेला. आणि आज पहाटे ती नळाच्या आवाजानं उठली तेव्हा तो बिछान्यात नव्हता. चपला नव्हत्या. रविवारी एवढ्या सकाळी हा माणूस कुठे गेला?

हसू ओसरलं तसं हे सगळं तिला परत आठवलं. बदलापूरच्या काकांना आणायला गेला असेल. नाहीतर मंडळाची चार माणसं घेऊन येईल, दारात उभी करील, सगळी तिला ओळखणारी, वहिनी वहिनी करणारी. त्यांच्या देखत सम्यकचा हात धरून एकच वाक्य म्हणेल: पोरं इथंच राहतील. एवढं पुरे होतं. इटारसी, हवादार क्वार्टर, बंद करावा लागणारा नळ, सगळं त्या एका वाक्यात बुडालं असतं. तिनं नळ बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, त्यानं न बोललेलंच बरं.

"इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं," मागून बारीक आवाज आला. मितू उठली होती. सहा वर्षांची ही भवानी हल्ली दिवसभर फोनमधल्या त्या बाईसारखं बोलायची, नाकातून, मान ताठ करून. शाळेला ऊठ म्हटलं तरी सभी लाइनें व्यस्त, दूध पी म्हटलं तरी थोडी देर बाद डायल करें. डोळे चोळत ती मोरीच्या दारात उभी राहिली आणि भरलेल्या पिंपांकडे बघत राहिली. "आई, हे सगळं आपण गाडीत नेणार?" सम्यक मागून आला. "येडी आहे का, पाणी कोण नेतं?" "मग हे कुणाचं?" सम्यकनं आईकडे बघितलं. आणि यशोधराला एकदम कळलं, की हे कुणाचं. तीन पिंपं, हंडे, कळश्या, सगळं. बारा वर्षांत या घरात एका माणसाला एक बादली. केस धुवायचे तर दीड, तेही उरलेलं जपून, लादी पुसायला. "आपलं," ती म्हणाली. "आपलंच आहे. काढा कपडे."

पोरांना वाटलं आई गंमत करतेय. तिनं तांब्या घेतला, पिंपात बुडवला आणि सम्यकच्या डोक्यावर धबाककन ओतला. तो दचकून ओरडला, मग त्याच्या तोंडातून असं हसणं निघालं जे तिनं वर्षभरात ऐकलं नव्हतं, पोटातलं, दात दाखवणारं. मितू तर रिकाम्या झालेल्या, रुंद तोंडाच्या मोठ्या हंड्यातच बसली. शब्दशः बसली, गुडघे हनुवटीला लावून, आणि वरून अजून ओता म्हणू लागली. गाऊनसकट यशोधरा भिजली. कुणी कुणाच्या अंगावर किती ओतलं याला सुमार राहिला नाही. पाणी मोरीतून स्वयंपाकघरात आलं, ओट्याखालून बैठकीच्या खोलीकडे निघालं. खालून वेणू ओरडली, "यशोऽऽ, पाइप सुटला काय गं?" "नाही हो वेणूताई, आंघोळ करतेय!" "एवढी?" "एवढीच!"

आवाजानं द्रौपदीबाई काठी टेकत आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं अवदसांनो, पाणी आता थेट परवा!" यशोधरा थबकली. म्हातारी तर इथंच राहणार होती. चला म्हटलं होतं तिनं, तर बाई म्हणाल्या होत्या, "मी कशाला येऊ? घर भीमरावांनी माझ्या नावावर केलंय. तोच राहतो माझ्याकडे." आता त्या पिंपांकडे बघत होत्या, पोरांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या सुरकुत्यांत काहीतरी हळूहळू सैल होत होतं. "पिण्याचा हंडा भरलाय?" "भरलाय आई. बाजूला ठेवलाय." "मग काय!" म्हणत त्यांनी काठी भिंतीला लावली, अंबाडा सोडला आणि पाटावर बसल्या. "घाल माझ्याही डोक्यावर. चांगलं भसाभसा घाल, चमच्यानं नको." यशोधरानं शिकेकाईची पुडी फोडली. त्या पांढऱ्या, विरळ केसांतून तिची बोटं फिरली. एवढी वर्षं एका घरात राहून ती या बाईच्या डोक्याला पहिल्यांदाच हात लावत होती. म्हातारी डोळे मिटून म्हणाली, "मी तोंड उघडलं नाही कधी. तू पाय उचललास. बरं केलंस पोरी." यशोधराची बोटं केसांतच थांबली. पण म्हातारी लगेच म्हणाली, "रडू नको, पाणी घाल," आणि चौघंही पुन्हा हसत सुटली. यशोधराला वाटलं, हा घटकाभराचा आनंद कुणी आता मोडला तरी मोडला, झालेला तर कुणी परत नेत नाही.

आणि तेव्हाच दार वाजलं.

नरेंद्र दारात उभा होता. त्याच्या चपलेशी पाणी आलं होतं. समोर ओली आई, केस मोकळे; ओली बायको; हंड्यात मुलगी; आणि सम्यक, ज्याचं हसू बापाला बघताक्षणी पुसलं गेलं आणि खालचा ओठ दाताखाली गेला. यशोधरानं नरेंद्रच्या मागे बघितलं. जिन्यात काका नव्हते. मंडळाची माणसं नव्हती. त्याच्या हातात फक्त सुतळीचा एक मोठा गुंडा होता, नवा, दुकानातला कागदही न काढलेला. रविवारी सकाळी दुकान उघडायची वाट बघत हा माणूस बाजारात उभा राहिला होता तर! तो ट्रंकांकडे गेला, एकीची कडी हलवून बघितली, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "सम्यक, तुझ्या आईला सांग, कडी नाजूक आहे, वरून बांधून घ्या."

सम्यकनं आईकडे बघितलं. तोंड उघडलं. यशोधरानं फक्त मान हलवली, नाही अशी. एवढ्या चांगल्या निरोपालाही नाही. पोर मधल्यामध्ये उभं राहिलं. तळव्याखालून पाणी वाहत होतं. तेवढ्यात हंड्यातून, नाकातला, अगदी हुबेहूब आवाज आला:

"इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं. कृपया थोडी देर बाद डायल करें."

द्रौपदीबाई फिस्सकन हसल्या. मग सम्यक. मग यशोधरा, आणि तिची बाही तोंडाशी गेली नाही. ती नरेंद्रकडे बघत, सगळे दात दाखवत हसली, त्या बुद्धपौर्णिमेला हसली होती तशीच. होऊ दे काय व्हायचं ते. नरेंद्रचा जबडा आवळला, कानशिलं लाल झाली. तिला ओळखीचं होतं ते. आता तो वळेल, जिना उतरेल. पण तो गेला नाही. त्यानं हातातल्या गुंड्याकडे बघितलं, हंड्यातल्या मितूकडे बघितलं, आणि मग अगदी अवघडून, परक्या बाईशी बोलावं तसं, तिच्याकडे बघून म्हणाला,

"सुट्टीत पाठवशील ना पोरांना?"

एका वर्षानंतरचा पहिला शब्द. आवाज जरा गंजलेला होता. तिला वाटलं होतं, हा बोलला की आपण विरघळू, ट्रंका उघडू. तसं काही झालं नाही. वाईट वाटलं, मनापासून वाटलं, करवंदांचा तो द्रोणही आठवला. पण पाय जागचे हलले नाहीत. "पाठवीन," ती म्हणाली. "दिवाळीला पाठवीन, मे महिन्यात पाठवीन. फोनही करा. पण जे बोलायचं ते त्यांच्याशी बोला. माझं माझ्याशी. त्याच्या पोटात दुखतं." नरेंद्रनं सम्यककडे बघितलं, बराच वेळ, जणू पोर पहिल्यांदाच दिसत होतं. मग खाली बसून त्यानं सुतळीचा कागद फाडला. "टोक धर," तो सम्यकला म्हणाला. निरोप नव्हता तो, त्यालाच सांगितलेलं होतं. सम्यकनं टोक धरलं. बापलेकांनी मिळून दोन्ही ट्रंका आवळून बांधल्या, गाठीवर गाठ. यशोधरा ओल्या कपड्यांनी उभी राहून बघत होती, आणि तिच्या लक्षात आलं, की सम्यकच्या दाताखालून ओठ सुटलाय.

हात मळले होते, म्हणून नरेंद्र मोरीत गेला. तांब्या पिंपावर आपटल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या पिंपावर, मग तिसऱ्या. तिन्ही घुमली. मग त्याचा आवाज आला, नीट, मोठ्यानं, कुणालाही मधे न घालता.

"यशो, पाणी?"

"संपलं," यशोधरानं केस पिळत इकडून सांगितलं. "परवा पहाटे येईल. उठावं लागतं."